मतपत्रिकेचं गाईड

मागच्या लेखात मी लेकीकडच्या कॅलिफोर्नियातल्या मुक्कामाबद्दल लिहिलं होतं. त्यावर पुण्याच्या वहिनींचा फोन आला. "तिथे माणसांसारखं प्रश्नांनाही मत देतात, असं ओझरतं लिहून पुढे गेलीस. ते जरा नीट सांग की!" नीट सांगायचं तर दोन ओळींत भागत नाही. शिवाय मधल्या काळात मी त्या विषयावर बरंच वाचून काढलं. निवृत्त शिक्षिकेला दुसरा उद्योग तरी काय? म्हणून आजचा लेख लांबलचक आहे. कंटाळा येईल त्यांनी खुशाल मधूनच उठावं, हजेरी घेणार नाही.

२०२४ चा ऑक्टोबर महिना. लेक आणि जावई दोघंही आता तिथले नागरिक. तिथे प्रत्येक मतदाराच्या घरी टपालानं मतपत्रिका येते. घरी बसून भरायची, पाकिटावर सही करायची आणि पेटीत टाकायची. आपल्याकडे शाईचं बोट मिरवायची सवय, त्यामुळे मला हे फारच मिळमिळीत वाटलं. पण मतपत्रिका उघडली आणि थक्क झाले. राष्ट्राध्यक्षापासून शाळा-मंडळाच्या सदस्यापर्यंत नावंच नावं, आणि त्याखाली राज्याचे दहा प्रश्न. त्यांना 'प्रपोझिशन' म्हणतात. त्याखाली पुन्हा गावाचे आणि शाळांचे प्रश्न, त्यांना 'मेझर'. प्रत्येकापुढे होय किंवा नाही. शाळांच्या दुरुस्तीसाठी दहा अब्ज डॉलर कर्जाऊ उभारावेत का? किमान वेतन तासाला अठरा डॉलर करावं का? घरभाड्यावर गावांना मर्यादा घालू द्यावी का? सोबत राज्य सरकारनं पाठवलेली जाडजूड पुस्तिका. तीत प्रत्येक प्रश्नाचा गोषवारा, तटस्थ तज्ज्ञांनी काढलेला खर्चाचा अंदाज, बाजूनं एक लेख, विरुद्ध एक लेख आणि त्या दोघांची एकमेकांना उत्तरं. ही पुस्तिका हिंदीतही मिळते, बरं का! मी ती वाचायला घेतली, पण तिचं हिंदी इतकं सरकारी की शेवटी इंग्रजीच बरं वाटलं.

लेकीनं पुस्तिका बाजूला सारली आणि फोनवर एक यादी उघडली. तिला पटणाऱ्या प्रागतिक विचारांच्या संस्थांनी काढलेली शिफारस: अमुक क्रमांकाला होय, तमुकला नाही, आणि प्रत्येकाखाली चार ओळी कारण.

"म्हणजे गाईड!" मी म्हणाले.

तिला हसू आलं. तिला माहीत आहे, मी सदतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला आणि तेवढी वर्षं मुलांच्या दप्तरातून गाईडं जप्त केली. उत्तर पाठ करून लिहिणारा मुलगा मला परीक्षेआधीच ओळखू यायचा. (माझ्या स्वतःच्या बी.ए.च्या इंग्रजीच्या पेपराला मी काय वापरलं होतं, ते इथे सांगत नाही. माझे दोन विद्यार्थी हा ब्लॉग वाचतात.) मी तिला म्हटलं, मत हे काय गाईड बघून द्यायचं असतं? ती म्हणाली, "आई, बारा प्रश्न आहेत, आणि उद्या मला कामावर जायचंय."

त्या रात्रीपासून माझं वाचन सुरू झालं.

ही पद्धत आली ती रेल्वे कंपनीच्या रागातून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात 'सदर्न पॅसिफिक' नावाची रेल्वे कंपनी होती. मालवाहतुकीचे दर तीच ठरवी, आणि राज्याचे आमदार, न्यायाधीश, वर्तमानपत्रं हेही बहुतेक तिच्याच खिशात. लोक तिला अष्टपाद म्हणत, म्हणजे आठ हातांनी सगळं आवळणारा तो समुद्रातला प्राणी. आमदारच विकले गेलेत तर कायदा थेट लोकांनीच करावा, ही कल्पना स्वित्झर्लंडकडून आली. साऊथ डाकोटानं ती १८९८ मध्ये घेतली, ओरेगननं १९०२ मध्ये. लॉस एंजेलिस शहरात जॉन रँडॉल्फ हेन्स नावाच्या एका श्रीमंत डॉक्टरांनी तिचा ध्यास घेतला आणि १९०३ मध्ये ती शहराच्या सनदेत घालून घेतली. १९१० मध्ये हायरम जॉन्सन हे गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. रेल्वेला राजकारणातून हाकलायचं हा एकच मंत्र. आणि गंमत म्हणजे प्रचार त्यांनी मोटारीतून केला. रेल्वेविरुद्ध बोलायला रेल्वेनं कसं जाणार?

ते निवडून आले आणि १० ऑक्टोबर १९११ रोजी राज्यघटनेच्या तेवीस दुरुस्त्या मतदानाला ठेवल्या गेल्या. त्यातल्या बावीस मंजूर झाल्या. लोकांनी सह्या गोळा करून स्वतः कायदा सुचवायचा, आमदारांनी केलेला कायदा मतानं पाडायचा आणि निवडलेल्या माणसाला मुदतीआधी परत बोलवायचं, हे तिन्ही हक्क त्या दिवशी आले. जॉन्सन आणि त्यांचे सोबती स्वतःला 'प्रोग्रेसिव्ह' म्हणवत. आपण प्रागतिक म्हणतो तो शब्द तिथे तेव्हापासून आहे.

त्याच तेवीसांत चौथा प्रश्न होता स्त्रियांच्या मताधिकाराचा. मत देणार पुरुष! बायकांनी गावोगाव सभा घेतल्या, अनेक भाषांत पत्रकं छापून वाटली. ज्यांना स्वतःला मत नाही, त्यांनी मत असलेल्यांना केलेली ही शिफारस. सॅन फ्रान्सिस्कोचे आकडे आले तेव्हा सगळं हरलं असं वाटलं होतं. मग खेड्यापाड्यांतली मतं येत गेली आणि प्रश्न ३५८७ मतांनी जिंकला. दर मतदान केंद्रामागे सरासरी एक मत. हे वाचून मी चष्मा काढून थोडा वेळ गप्प बसले. एकेका केंद्रावर एकेक माणूस पत्रक वाचून बदलला असेल, तर मग त्या पत्रकांना मी गाईड म्हणून नाक कसं मुरडू?

पण थांबा, लगेच आरती ओवाळू नका. त्याच जॉन्सनसाहेबांनी १९१३ मध्ये एका कायद्यावर सही केली. ज्यांना अमेरिकन नागरिक होता येत नाही, अशा परक्यांना शेतजमीन घेता येणार नाही. शब्द असे की कुणाचं नाव नाही, पण रोख जपानी शेतकऱ्यांवर. पळवाटा राहिल्या म्हणून १९२० मध्ये तो कायदा आणखी कडक करण्याचा प्रश्न थेट लोकांपुढे आला आणि एकास तीन अशा मतांनी मंजूर झाला. अष्टपादाला मारायला केलेलं हत्यार नऊ वर्षांत शेजाऱ्यावर चाललं.

आणि शेजाऱ्यांत आपलेही लोक होते. इंपीरियल व्हॅलीत आणि युबा सिटीकडे पंजाबी शेतकरी कापूस, फळं पिकवत होते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की भारतीय माणूस नागरिक होण्यास पात्र नाही. (हे भगतसिंग वेगळे, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते.) झालं, पंजाब्यांनाही तो जमिनीचा कायदा लागू. मग कुणी जमीन गोऱ्या ओळखीच्या माणसाच्या नावावर ठेवली, कुणी तिथेच जन्मलेल्या मुलांच्या. त्यातल्या अनेकांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली होती. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्व खुलं झालं. १९५६ च्या नोव्हेंबरात त्या जमिनीच्या कायद्याला मूठमाती देण्याचा प्रश्न मतपत्रिकेवर आला आणि मंजूर झाला. त्याच दिवशी, त्याच इंपीरियल व्हॅलीच्या भागातून दलीपसिंग सौंद अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले, पहिले भारतीय. स्वतः शेतकरी. तो दिवस कसा गेला असेल त्यांच्या घरी!

असो. शाळेत असते तर इथे घंटा झाली असती.

१९६४ ची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती शब्दांची आहे आणि मी भाषेची बाई. आदल्या वर्षी आमदार विल्यम बायरन रम्फर्ड यांच्या खटपटीनं कायदा झाला होता, की घर विकताना किंवा भाड्यानं देताना वर्णावरून नकार देता येणार नाही. रम्फर्ड कृष्णवर्णीय होते. घरांच्या दलालांच्या संघटनेनं सह्या गोळा करून प्रपोझिशन १४ आणलं. त्याची भाषा वाचा: आपली मालमत्ता कुणाला द्यावी वा देऊ नये हे ठरवण्याच्या मालकाच्या स्वातंत्र्यात सरकारनं पडू नये. वर्णाचा एक शब्द नाही. किती सोज्वळ वाक्य! मार्टिन ल्यूथर किंग स्वतः येऊन 'नाही म्हणा' असं सांगून गेले. लॉस एंजेलिस टाइम्सनं 'होय' सांगितलं. जवळजवळ पासष्ट टक्के लोकांनी होय म्हटलं, आणि त्याच दिवशी त्याच राज्यानं नागरी हक्कांचा कायदा आणणाऱ्या लिंडन जॉन्सनना भरभरून मतं दिली. पुढे १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती तरतूद रद्द ठरवली. नंतर जे आपले इंजिनियर तिकडे गेले, घरं घेऊन स्थिरावले, त्यांच्यातल्या फार थोड्यांना हे ठाऊक असेल. माझ्या जावयाला नव्हतं.

आता माझ्या जिव्हाळ्याचं वर्ष, १९७८. दोन मतदानं, जून आणि नोव्हेंबर.

जूनमध्ये प्रपोझिशन १३. घरांच्या किमती भराभर चढत होत्या आणि किमतीवर घरपट्टी. निवृत्त माणसं घाबरली होती, की पेन्शन तीच आणि पट्टी दुप्पट. हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गॅन यांनी सह्या गोळा केल्या. घरपट्टी किमतीच्या एक टक्क्याहून जास्त नाही, किंमत धरायची १९७५ ची, वाढ वर्षाला फार तर दोन टक्के, आणि घर विकलं गेलं तरच नवी किंमत. शिक्षक संघटना, प्रागतिक मंडळी, गव्हर्नर जेरी ब्राऊन, सगळे विरोधात. तरी जवळजवळ पासष्ट टक्के मतांनी मंजूर. घरपट्टीचं उत्पन्न एका वर्षात निम्म्याहून खाली आलं. पहिला फटका शाळांना: त्या उन्हाळ्यातले वर्ग बंद झाले, मग ग्रंथपाल गेले, संगीताचे शिक्षक गेले. १९८८ मध्ये शाळांचा राज्याच्या तिजोरीतला वाटा ठरवून देणारा दुसरा प्रश्न आला तो जेमतेम ५०.७ टक्क्यांनी निघाला.

वेतनेतर अनुदानाच्या चकरा मारून ज्यांच्या चपला झिजल्या, अशा माझ्यासारखीला हे वाचून कुठल्या बाजूला राग येणार ते सांगायला नको. पण लेकीच्या शेजारी एक आजीबाई राहतात. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. त्यांनी मला चहाला बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, तेरा नंबर नसता तर हे घर मी केव्हाच विकलं असतं. त्यांचं घर आणि लेकीचं घर एकाच नकाशाचं, पण लेक त्यांच्या कितीतरी पट पट्टी भरते. मला त्या बाईंचा राग येईना. राग आला तो हे कळल्यावर, की हाच आसरा मोठमोठ्या कंपन्यांच्या जागांनाही मिळतो. २०२० मध्ये तेवढा भाग वेगळा काढण्याचा प्रश्न आला होता, घरं सोडून फक्त मोठ्या धंद्यांच्या जागा. प्रागतिक याद्यांत त्याला ठळक 'होय'. बावन्न टक्क्यांनी पडला.

नोव्हेंबर १९७८ मध्ये प्रपोझिशन ६. समलिंगी माणसांना, इतकंच काय, त्यांची बाजू घेणाऱ्यांनाही शाळेच्या नोकरीवरून काढता यावं, अशी जॉन ब्रिग्ज नावाच्या आमदारांची सूचना. सुरुवातीला ती सहज मंजूर होणार असं दिसत होतं. सॅन फ्रान्सिस्कोचे हार्वे मिल्क आणि सॅली गिअरहार्ट या प्राध्यापिका गावोगाव वादविवादाला उभे राहिले. उजव्या बाजूचे रोनाल्ड रेगनही विरोधात लिहिते झाले. चिडलेला विद्यार्थी शिक्षकावर असा आरोप करून त्याची नोकरी घालवू शकेल, असा त्यांचा मुद्दा. प्रश्न अठ्ठावन्न टक्क्यांनी पडला. तीन आठवड्यांनी, २७ नोव्हेंबरला, मिल्क यांचा खून झाला.

आमच्या शाळेत चित्रकलेचे एक सर होते. उत्तम शिक्षक. त्यांच्याबद्दल कुजबुज सुरू झाली, पालकांची एक चिठ्ठी आली, आणि सर 'घरगुती कारणास्तव' राजीनामा देऊन गेले. शिक्षक खोलीत आम्ही चौदा जण होतो. कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

पुढचा इतिहास भराभर सांगते. १९९४ मध्ये कागदपत्रं नसलेल्यांच्या मुलांना शाळाबंदी करणारा प्रश्न मंजूर झाला, न्यायालयानं अडवला. १९९८ मध्ये शाळांतलं दोन भाषांतलं शिक्षण जवळजवळ बंद केलं, २०१६ मध्ये लोकांनीच पुन्हा दार उघडलं. २०२० मध्ये मोबाईलवरून गाड्या मागवण्याच्या कंपन्यांनी आपल्या चालकांना नोकर मानावं लागू नये यासाठी वीस कोटी डॉलरच्या वर खर्च केले आणि जिंकल्या. रेल्वे कंपनी परत आली म्हणायची, फक्त रूळ नाहीत. सह्यासुद्धा आता सहीमागे पैसे घेणारी माणसं गोळा करतात. आणि शिफारशींचा तर बाजार आहे! 'मतदार मार्गदर्शिका' असं भारदस्त नाव छापून रंगीत कार्ड येतात, ज्यांत जागा विकत घेता येते. पैसे देणाऱ्याच्या नावापुढे बारीक चांदणी छापावी लागते. अशी तीन कार्डं लेकीच्या टपालपेटीत मी मोजली. एकावर शिक्षिकेचा हसरा फोटो होता. विकत घेतलेली शिक्षिका!

म्हणजे यादी कुणाची, पैसे कुणाचे, हे बघावंच लागतं. सॅन फ्रान्सिस्कोत 'बे गार्डियन' नावाचं एक साप्ताहिक होतं, १९६६ ते २०१४. त्याची शिफारस लोक कापून मतदानाला नेत. त्यांची मतं उघड, कारणं छापलेली, पटलं नाही तर पुढच्या अंकात भांडायला जागा. हा प्रकार मला परिचयाचा वाटला, कारण असलं एक गाईड मी लहानपणी पाहिलं होतं.

माझं माहेर सावंतवाडीचं. मावशी म्हापशाला दिलेली. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं. कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळानं आधी राजीनामा दिला होता. मी पंधरा वर्षांची, सुट्टीला तिकडे गेलेले. काका 'गोमन्तक' घेत, तो विलीनीकरणाचा. शेजारी 'राष्ट्रमत' येई, तो विरोधाचा, आणि तोही मराठीतच! उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्यात यायचं. दुपारी काका झोपले की मावशी कुंपणावरून शेजारचा अंक मागून घ्यायची, भाकऱ्या थापायच्या आधी वाचून परत करायची. आम्ही सगळे फुलाचे. मराठी शाळेत शिकलेली मी, मला दुसरं काही असू शकतं हेच कळत नव्हतं. पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. काका दोन दिवस जेवले नाहीत. मी मावशीला विचारलं, तू कशावर शिक्का मारलास? ती म्हणाली, "ता कोणाक सांगूचा नसता गो." पुढे चाळीस वर्षं विचारत राहिले. नाही सांगितलं.

परत लेकीच्या स्वयंपाकघरात येते. दहा प्रश्नांतला सहा नंबरचा होता तुरुंगातल्या सक्तीच्या कामाचा. शिक्षा म्हणून सक्तीनं काम करवून घेण्याची राज्यघटनेतली मुभा काढून टाकायची. सरकारी पुस्तिकेत विरोधी बाजूचं पान कोरं, कुणी विरोधात लिहिलंच नव्हतं. सगळ्या प्रागतिक याद्यांत 'होय'. मला वाटलं, हा तर न वाचताच पास. आणि पडला! त्रेपन्न टक्के 'नाही'. शेजारच्या नेव्हाडात तसाच प्रश्न त्याच दिवशी मंजूर झाला. तिथे मतपत्रिकेवर 'गुलामगिरी' हा शब्द होता, इथे नुसतं 'अनैच्छिक चाकरी' अशा अर्थाचे जड शब्द होते. सगळं कारण तेवढंच असेल असं नाही, पण प्रश्नपत्रिका काढणाऱ्या कुणालाही हे पटेल.

शेवटी आम्ही तिघं त्या टेबलाशी तीन संध्याकाळी बसलो. लेकीची यादी समोर, पुस्तिका समोर. मी प्रश्न वाचायचा, विरोधी बाजू मोठ्यानं वाचायची, मग तिनं यादीतलं कारण वाचायचं. जावई खर्चाचा आकडा सांगायचा. नऊ ठिकाणी तिचं यादीशी जमलं, दोन ठिकाणी बिनसलं. एकदा तर नवरा-बायकोत असं जुंपलं की नातीनं वरून ओरडून विचारलं, काय झालं म्हणून. शाळेच्या कराचा स्थानिक प्रश्न अगदी शेवटी होता. त्याला दोन तृतीयांश मतं लागतात, तीही त्या तेरा नंबरचीच कृपा. नातीच्या शाळेत संगीताचे शिक्षक आठवड्यातून एकच दिवस येतात, म्हणून मला त्यात फार रस. पण वर्षाला काहीशे डॉलर घरपट्टीवर वाढणार, आणि त्या वर्षी जावयाच्या नोकरीचं काही खरं नव्हतं.

लेकीनं तो प्रश्न दोनदा वाचला. यादी बंद केली. पुस्तिकाही मिटली. पेन घेऊन ती खिडकीकडे तोंड करून बसली, गोल भरला, कागद घडी करून पाकिटात घातला, सही केली.

मी विचारलं, "काय केलंस गं?"

"आई," ती म्हणाली, "ते सांगायचं नसतं."